जास्त जमीन, जास्त हप्ता? हिशेब तसा नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘कोरोनात नोकरदारांचा डीए गोठवला आणि शेतकऱ्यांना घरबसल्या सहा हजार जास्तीचे वाटले. त्यातही ज्याची जमीन जास्त, त्याला पैसा जास्त. आणि कर भरायचा आपण!’ रामबागेपासून सुदामानगरपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय, तर जरा तपासूनच बघू.

डीएचं, म्हणजे महागाई भत्त्याचं, खरं आहे. केंद्राने जानेवारी 2020 पासूनचे तीन हप्ते थांबवले होते.

‘जास्तीचे सहा हजार’ मात्र खोटं. ते पैसे पीएम-किसान या केंद्राच्या योजनेचे, आणि ती फेब्रुवारी 2019 मध्येच सुरू झाली, तेव्हा कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. 26 मार्च 2020 ला निर्मला सीतारामन यांनी 1.70 लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात 8.7 कोटी शेतकऱ्यांना जे दोन हजार द्यायचे होते, तो एप्रिल ते जुलैचा ठरलेलाच हप्ता होता. एप्रिलच्या सुरुवातीला दिला, इतकंच. ठरलेले पैसे पॅकेजच्या बेरजेत घातले म्हणून राग येत असेल तर तो सरकारवर काढा, शेतकऱ्यावर कशाला? खरोखर जास्तीचे मिळाले ते मध्य प्रदेशात. सप्टेंबर 2020 मध्ये शिवराजसिंह चौहान यांनी वर्षाला चार हजारांची भर जाहीर केली. ती राज्याच्या तिजोरीतून.

आता जमिनीचं. हप्ता एकरावर ठरत नाही, कुटुंबामागे सरसकट ठरतो. एक हेक्टरवाल्याला हेक्टरी सहा हजार पडतात, दहा हेक्टरवाल्याला सहाशे. सुरुवातीला दोन हेक्टरांची मर्यादा होती, जून 2019 पासून ती काढली. मोठे शेतकरी आत आले ते तेव्हा. शिवाय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. सज्ञान मुलांच्या नावावर 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत जमिनीचं वेगळं खातं चढलेलं असेल, तर एकाच वाड्यात तीन-तीन हप्ते येऊ शकतात. मोठ्या घरांचा फायदा झाला तो या वाटणीतून. ज्याची जमीन जास्त त्याला अनुदान जास्त, हे युरियाच्या गोणीला लागू पडतं. पण त्यावर मेसेज अवाक्षर काढत नाही.

कोण सुटलं, हेही मेसेजला दिसत नाही. पैसा जातो खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, ज्याचं नाव आहे त्याला. सांवेर, देपालपूरकडे बटाईने सोयाबीन घेणाऱ्याच्या नावावर जमीन नसेल, तर त्याला छदामही नाही. मजुराचं तर विचारूच नका. 2011 च्या जनगणनेत देशात शेती करणारे 11.88 कोटी होते आणि शेतमजूर 14.43 कोटी. लॉकडाउनमध्ये रोजी बुडाली ती कुणाची, हे यावरून बघा.

राहिला कर. आदल्या वर्षी प्राप्तिकर भरलेला, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारा (चतुर्थ श्रेणी कर्मचारी सोडून), प्रॅक्टिस करणारा डॉक्टर, वकील, सीए हे सगळे नियमाने अपात्र आहेत, मग गावाकडे कितीही जमीन असो. तरीही जुलै 2021 मध्ये केंद्राने संसदेत सांगितलं की 42 लाखांहून जास्त अपात्र लोकांच्या खात्यांत मिळून जवळजवळ तीन हजार कोटी गेले. त्यांत प्राप्तिकर भरणारेही होते. म्हणजे ‘कर भरणारे आपण’ आणि ‘हप्ता घेणारे ते’ ही माणसं कधीकधी एकच असतात. गावची जमीन बटाईने देऊन शहरात राहणारे आपल्यातही आहेत. त्यांपैकी कुणाच्या खात्यात चुकून हप्ता येत असेल, तर पीएम-किसानच्या पोर्टलवर तो परत करायची सोय आहे.