लायपोला कोणतंही चार्जर मॉड्यूल चालतं, हा सल्ला धोक्याचा आहे

हौशी इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांमध्ये लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल एक सल्ला हातोहात फिरतो: "लायपो बॅटरी आहे ना? टीपी4056 चं मॉड्यूल घ्या आणि निर्धास्त व्हा. बॅटरी लागेल तेवढाच करंट ओढते. मॉड्यूलवर प्रोटेक्शन असतं, त्यामुळे आगीचा प्रश्नच नाही. शून्यावर गेलेली बॅटरीसुद्धा ते जागी करतं. चार्जिंग चालू असताना सर्किट वापरलं तरी बिघडत नाही. दोन सेल सिरीजमध्ये असतील तर दोन मॉड्यूल लावा."

टीपी4056 ही एक लिथियम सेल चार्ज करणारी चिप आहे, आणि मॉड्यूल म्हणजे ती बसवलेला छोटा तयार बोर्ड. चिप वाईट नाही. योग्य सेलला लावली तर वर्षानुवर्षं नीट काम करते. पण वरच्या सल्ल्यातलं प्रत्येक वाक्य नवख्या माणसाला अडचणीत आणू शकतं, आणि लिथियमच्या बाबतीत अडचण म्हणजे कधीकधी आग.

"बॅटरी लागेल तेवढाच करंट ओढते." सगळ्यात घातक वाक्य हेच. बल्ब किंवा मोटर लागेल तेवढा करंट घेते हे खरं, पण लिथियम सेल चार्ज होताना पहिल्या टप्प्यात करंट चार्जर ठरवतो आणि सेलला तो मुकाट्याने घ्यावा लागतो. सेलचं व्होल्टेज 4.2 व्होल्टपर्यंत चढल्यावरच करंट उतरायला लागतो.

टीपी4056 किती करंट देणार, हे एका छोट्या रेझिस्टरवर ठरतं. बहुतेक तयार मॉड्यूलवर तो 1.2 किलोओहमचा असतो, वर 122 छापलेलं दिसतं. त्याचा अर्थ 1 अँपिअर. 2000 एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेच्या) सेलला हा 0.5सी झाला, अगदी योग्य. 1सी म्हणजे सेलच्या क्षमतेच्या आकड्याइतका करंट, इथे 2 अँपिअर. तेच मॉड्यूल 150 एमएएचच्या इवल्याशा सेलला लावलं की तोच करंट जवळपास 7सी होतो. साध्या लायपो सेलची डेटाशीट उघडा: सहसा 0.5सी सुचवलेला असतो आणि 1सी ही कमाल मर्यादा असते. त्याहून जोरात चार्ज केलं की लिथियमला सेलच्या ऋण टोकावरच्या ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ मिळत नाही आणि ते धातूच्या रूपात पृष्ठभागावरच साचतं. आधी क्षमता घटते, पुढे सेलच्या आतच शॉर्ट होण्याची वाट तयार होते. बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं, आणि म्हणूनच "माझं तर चालतंय" हा पुरावा धरता येत नाही.

उपाय सोपा आहे, तो रेझिस्टर बदलायचा. 1200 ला ओहमने भागलं की अंदाजे अँपिअर मिळतात. 5 किलोओहमला सुमारे 250 मिलिअँपिअर, म्हणजे 500 एमएएचच्या सेलसाठी छान. 10 किलोओहमला डेटाशीटप्रमाणे 130 मिलिअँपिअर, म्हणजे 150 एमएएचच्या सेलला चालेल, पण 1सी परवानगी असेल तरच. एवढं बारीक सोल्डरिंग जमत नसेल तर कमी करंटवर आधीच सेट केलेलं मॉड्यूल घ्या. एमसीपी73831 ही चिप 15 ते 500 मिलिअँपिअरमध्ये सेट होते, छोट्या सेलसाठी मी तीच सुचवेन.

"प्रोटेक्शन असतं." सगळ्या मॉड्यूलवर नसतं. फक्त बी प्लस आणि बी मायनस पॅड असलेल्या मॉड्यूलवर ते बहुधा नसतंच. आउट प्लस, आउट मायनस असे वेगळे पॅड आणि डीडब्ल्यू01 या संरक्षण चिपबरोबर 8205 मॉसफेट (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल, तर ते आहे. पण ते काय करतं? चार्जर बिघडून व्होल्टेज 4.3 च्या आसपास गेलं तर तोडतं, 2.4 च्या आसपास उतरलं तर तोडतं, आणि साधारण 3 अँपिअरच्या वर करंट गेला तर तोडतं. चार्जिंगचा करंट तुमच्या सेलला झेपतो का, हे त्याला कळत नाही. सर्किट आउटच्या पॅडऐवजी थेट बॅटरीच्या पॅडला जोडलंत, तर डिस्चार्जचं संरक्षणही मिळत नाही. 2.4 व्होल्ट ही शेवटची पायरी आहे, रोज तिथपर्यंत उतरू नका. सर्किटनेच 3 व्होल्टला थांबावं.

तापमानाचं तर बोलायलाच नको. चिपला थर्मिस्टरसाठी (तापमान ओळखणाऱ्या रेझिस्टरसाठी) पिन आहे, पण बहुतेक मॉड्यूलवर ती थेट ग्राउंडला जोडून बंद केलेली असते. शून्य अंशाखाली चार्जिंग केलं तरीही लिथियम साचतं, आणि हे मॉड्यूल ते थांबवणार नाही. शिवाय चिप लिनियर आहे, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवते: 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर, सेल 3.5 व्होल्टला असताना 1 अँपिअरला दीड वॅट नुसती उष्णता होते. म्हणून मॉड्यूल बॅटरीला दुहेरी टेपने चिकटवू नका. असे प्रोजेक्ट पाहिले की काळजी वाटते.

"शून्यावर गेलेली बॅटरी जागी करतं." 2.9 व्होल्टखाली चिप एक दशांश करंटने सुरुवात करते, तेवढंच. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळलेलं असू शकतं, आणि चार्ज करताना ते नको तिथे जमतं. सेल फुगलेला असेल तर चार्जरला लावूच नका.

"चार्जिंग चालू असताना वापरा." चार्जिंगचा करंट सेट केलेल्या करंटच्या एक दशांशावर उतरला की चिप चार्जिंग संपवते. तुमचं सर्किट सतत त्याहून जास्त ओढत असेल तर ती वेळ येतच नाही आणि सेल तासन्‌तास 4.2 वर ताटकळतो. टीपी4056 मध्ये सुरक्षा टायमरही नाही. असं उपकरण बनवायचं असेल तर पॉवर पाथ असलेली, म्हणजे सर्किटचा आणि सेलचा करंट वेगळा सांभाळणारी चिप हवी, जशी बीक्यू24074 किंवा एमसीपी73871. पहिलीत टायमर आणि थर्मिस्टर दोन्हींची सोय आहे.

"दोन सेलला दोन मॉड्यूल." एकाच ॲडॉप्टरवर दोन्ही जोडली की त्यांची मायनस बाजू एक होते, आणि वरच्या सेलची मायनस बाजू म्हणजे खालच्याची प्लस. खालचा सेल शॉर्ट! प्रोटेक्शन असेल तर ते कदाचित तोडेल, नसेल तर वायर तापून लाल होईल. दोन सेलच्या पॅकला 8.4 व्होल्टचा बॅलन्स चार्जर लागतो, पॅकच्या तीन तारांच्या बॅलन्स कनेक्टरला जोडायचा आणि दोन्ही सेलची व्होल्टेज वेगवेगळी मोजणारा.