'एक कमांड मारा, ॲप तयार' म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: "एक कमांड मारा, दहा मिनिटांत दुकानाचं ॲप तयार. इंटरनेट लागत नाही, प्ले स्टोअर लागत नाही, आयफोनवरही तसंच चालतं, अपडेट आपोआप होतं." सोबत दिलेली कमांड आहे क्रिएट रिॲक्ट ॲपची, म्हणजे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर नव्या वेब ॲपचा साचा उभा करणाऱ्या साधनाची. माझ्याकडे तो चार जणांनी पाठवला, म्हणून लिहितोय.

आधी कमांड. क्रिएट रिॲक्ट ॲप नव्या प्रोजेक्टला घेऊ नका, असं रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याआधीही २०१८ पासून त्यातला सर्व्हिस वर्कर (ॲपच्या फाइली फोनवर साठवून नेटशिवाय ॲप उघडू देणारा, ब्राउझरमागे चालणारा कोड) बंदच यायचा, हाताने चालू करावा लागायचा. म्हणजे मेसेज तंतोतंत पाळला तरी पदरात पडते साधी वेबसाइट. आज सुरुवात करायची तर 'वीट' (Vite) हे तसंच नवं साधन घ्या (उच्चार आपल्या विटेसारखाच, यायचा तो वीट वेगळा) आणि त्याचं पीडब्ल्यूए (फोनवर इन्स्टॉल होणारं वेब ॲप) प्लगिन जोडा.

दहा मिनिटं? साचा उभा राहायला तेवढी पुरतात, खरं आहे. पण नंतर लॅपटॉपचा १९२.१६८ वाला (घरच्या वायफायवरचा) पत्ता फोनवर उघडला की सर्व्हिस वर्कर नोंदलाच जात नाही. त्याला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी लागते. सूट फक्त लोकलहोस्टला, म्हणजे त्याच यंत्रावर उघडलेल्या पत्त्याला. शिवाय डेव्हलपमेंट सर्व्हरवर (काम करताना लॅपटॉपवर चालतो तो) हे प्लगिन सर्व्हिस वर्कर आपणहून चालवत नाही, सेटिंग बदलावं लागतं किंवा बिल्ड (अंतिम फाइली) करून बघावं लागतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला दिवस इथंच जातो. फुकट एचटीटीपीएस हवं तर गिटहब पेजेसवर (वेबसाइट फुकट ठेवण्याची सोय) टाका.

आता 'इंटरनेट लागत नाही'. या वाक्यानं मीही फसलो होतो. जांबोटीकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी ॲप केलं. पावसाळ्यात तिकडे लाईट गेली की नेटवर्कचाही भरवसा नाही, तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हे बिननेटचं चालतं. ॲप उघडलंही. सेक्रेटरींनी लिटर आणि फॅट भरलं, सेव्ह दाबलं, आणि नोंद गायब. "ॲप उघडलंय की हो, पण माझं दूध कुठं गेलं?" चूक माझीच. साचा साठवून ठेवतो तो नुसता सांगाडा: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट. फॉन्टच्या फाइलीसुद्धा यादीत आपण घालाव्या लागतात. भरलेली माहिती आधी फोनवरच्या इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधला माहितीसाठा) ठेवायची आणि नेट आल्यावर सर्व्हरला पाठवायची, हे काम कुठलीच कमांड करत नाही. क्रोममध्ये त्यासाठी बॅकग्राउंड सिंक (नेट आल्यावर मागच्या मागे पाठवण्याची सोय) आहे, आयफोनच्या सफारीत नाही. म्हणून मी ॲप उघडताक्षणी राहिलेल्या नोंदी पाठवतो. एकच नोंद दोनदा गेली तर? प्रत्येकीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यायचा, सर्व्हरनं दुसरी टाकून द्यायची. यातच माझे तीन आठवडे गेले.

'प्ले स्टोअर लागत नाही' हे मात्र बरोबर. नाव, सुरुवातीचा पत्ता, डिस्प्ले मोड आणि १९२ व ५१२ पिक्सेलचे आयकॉन मॅनिफेस्टमध्ये (ॲपची ओळख सांगणाऱ्या फाइलीत) नीट असले की क्रोम थेट इन्स्टॉल करू देतो. फक्त संस्थेचं लांबलचक नाव आयकॉनखाली मावत नाही, छोटं नाव वेगळं द्या.

आयफोनवर 'तसंच' नाही. सफारीत इन्स्टॉलचं बटण आपल्याला दाखवता येत नाही. शेअरमध्ये जाऊन 'ॲड टू होम स्क्रीन' करायला माणसाला शिकवावं लागतं. नोटिफिकेशन आयओएसच्या २०२३ मधल्या १६.४ आवृत्तीपासून येतात, तीही होम स्क्रीनवर घेतल्यावरच.

राहिलं 'अपडेट आपोआप'. नवा सर्व्हिस वर्कर येतो, पण जुनं ॲप सगळीकडे बंद होईपर्यंत थांबून राहतो. दरपत्रक कोडमध्येच लिहिलं असेल तर दर बदलूनही केंद्रावर जुनाच दिसणार. प्लगिनला आपोआप अपडेट करायला सांगता येतं, पण मग पान मध्येच रिलोड होऊन अर्धवट भरलेली नोंद उडू शकते. म्हणून मी 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पट्टी दाखवतो, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि दर सर्व्हरवरून घेतो. सेक्रेटरी ती पट्टी सकाळचं दूध संपल्यावर दाबतात. वही अजून शेजारी ठेवलेली असते.