पुरात चोर दिसला की ठार मारा, असा कुठलाही कायदा नाही

परवा रात्री अकराला चाळीसगावहून भाच्याचा फोन आला. "मामा, हाई खरं शे का?" पाठोपाठ त्याने मेसेज पाठवला. "नवीन कायदा लागू! पूर, आग, अपघातात लूट करणाऱ्याला जागेवर ठार मारा, कलम ४१ प्रमाणे गुन्हा लागत नाही. लुटीला सरळ जन्मठेप. पलटलेल्या गाडीतला माल रस्त्यावर सांडला की मालकी संपते. पोलिसांत तक्रार केली तर सरकारी मदत बंद." खाली तिरंगा, आणि सगळ्या ग्रुपवर पाठवायची विनंती. हा वाचून भाच्याच्या गल्लीतल्या पोरांनी काठ्या जमवल्या आणि रात्रीच्या गस्तीच्या पाळ्याही लावल्या. म्हणून लिहायला बसलो.

आधी ठार मारण्याचं बघू. ३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात घुसलं. दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे पोचलो. संध्याकाळ झालेली, लाइट नाही. समोरच्या किराणा दुकानाचं शटर वाकलेलं, आणि आतून एक जण गाळातून गोणी ओढत बाहेर येत होता. कुणीतरी "चोर, चोर" ओरडलं. दोघं-तिघं धावले, एकाने त्याची गचांडी धरली. ओढाताणीत गोणी फाटली. आतून भिजून फुगलेली हरभऱ्याची डाळ आणि उधारीच्या लाल वह्या चिखलात पडल्या. तो त्याच दुकानाचा जुना हमाल होता, शेठनेच वह्या काढायला पाठवलेला. तोंड चिखलाने इतकं माखलं होतं की रोज बघणाऱ्यांनाही ओळखू आला नाही. पूर ओसरल्यावर गावात सगळेच असे दिसतात: अंगाला चिखल, पाठीवर गोणी, मोडक्या दारातून बाहेर येणारे. त्या दिवशी कुणाच्या हातात काठी नव्हती, एवढंच त्याचं नशीब.

आणि हे आपल्या खान्देशात लिहावं लागतंय, याचा मला जास्त राग येतो. साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवतं ना? १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाईलवरून फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या पाच जणांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. मारणाऱ्यांनाही आपण गाव वाचवतोय असंच वाटत असणार.

आता कायदा. मेसेजमध्ये 'कलम ४१' लिहिलंय, ते भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी कायद्यात आहे, हे कबूल. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, किंवा चोर आपल्याला ठार मारेल वा गंभीर इजा करेल अशी रास्त भीती, अशा मोजक्या वेळी मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. पण त्याच्या चार कलमं आधीचं ३७ मेसेजवाल्याने सोयीने गाळलंय. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकारच उरत नाही. गोणी घेऊन पळणाऱ्याला गाठून मारलं तर तो खून: कलम १०३, फाशी किंवा जन्मठेप. डोळ्यांदेखत चोरी झाली तर चोराला धरून ठेवता येतं, अटक-तपासाचे नियम सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तशी मुभा देतं. पण लगेच, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ११२ लावा.

जन्मठेपेचं अर्धंच खरं. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली तर तो दरोडा, त्याला जन्मठेप होऊ शकते. आपत्तीतली लूट असा वेगळा गुन्हा मात्र संहितेत नाही, आणि तो असायला हवा, असं माझंही मत आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५३ फक्त मदतीचा पैसा आणि सामान हडपणाऱ्यांसाठी आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पण म्हणून चोर मोकळा सुटतो असं नाही. घरातली किंवा गोदामातली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५मध्ये येते, सात वर्षांपर्यंत कैद.

पलटलेल्या गाडीचंही उत्तर तिथेच आहे. मालवाहू गाडीतला माल उचलणं याच कलमात बसतं. आपल्या मुंबई-आग्रा रोडवर तेलाचा टँकर कलंडला की कॅन, बादल्या घेऊन धावणाऱ्यांनी हे वाचावं. सांडल्याने मालकी जात नाही. आत अडकलेला ड्रायव्हर ओरडत असताना लोक कॅन भरत असतात, हे मला बघवत नाही.

तक्रारीने मदत बंद होते हे साफ खोटं. मदतीसाठीचा पंचनामा वेगळा, पोलिसांतली तक्रार वेगळी, आणि चोरीचा विमा मागायला एफआयआर लागतोच. जवळच्या ठाण्यात पाणी शिरलं असेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात जा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे हद्दीचं कारण सांगून ते तुम्हाला परत पाठवू शकत नाहीत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.