मधातच परत येता येत नाही अशी सुट्टी

एप्रिलमध्ये आम्ही घरचे सगळे क्रूझवर जाऊन आलो तेव्हापासून गावात एकच गोष्ट ऐकून राहिलो, "त्या पैशात ठिबक नवीन झालं असतं नं." झालं असतं, खरं आहे. वरुड तालुक्यात संत्र्याची बाग असलेल्या माणसाला ठिबकची किंमत माहीत असते. तरी पण मला मनापासून वाटते की शेतकऱ्याच्या घरानं आयुष्यात एकदा तरी अशी सुट्टी घ्यावी जिथून मधातच उठून परत येता येत नाही, आणि तशी सुट्टी मला तरी जहाजाशिवाय दुसरीकडे कुठं दिसली नाही.

आमच्या घरच्या सहली कशा व्हायच्या सांगतो. शेगाव, पंढरपूर, चिखलदरा, कुठंही गेलं तरी बाबांचा जीव बागेत. मोटर जळाली, केबल चोरीला गेला, डीपीवरचा फ्यूज उडाला, असा एक फोन आला की बाबा उठले, "तुमी फिरा बापा, मी होतो पुढं." आणि बाबा निघाले की आईही निघाली, कारण तिकडं त्यांच्या जेवणाचं कोण पाहीन. झाली सहल. याच्यात बाबांचं चुकते असं मी बिलकुल म्हणणार नाही. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) बागेला ऐन उन्हाळ्यात पाणी तुटलं की फळगळ सुरू होते, आमचा सगळा भाग डार्क झोन, म्हणजे जमिनीतलं पाणी भरते त्याहून जास्त उपसलं जाते असा, बोअर खोल खोल चालले, विजेची लाइन कधी रात्रपाळीची तर कधी दिवसाची, त्यात पाडव्याला सालदार (वर्षभरासाठी ठेवलेला गडी) नवीन लागलेला. असा माणूस निवांत कसा बसणार? पण वर्षानुवर्ष हेच चालू राहिलं तर त्यानं निवांत बसायचं कधी, हेही कोणीतरी विचारलं पाहिजे नं.

यावेळी बाग चुलतभावाच्या भरवशावर ठेवली, त्याला व्हॉल्व्हपासून स्टार्टरपर्यंत सगळं समजावून दिलं, आणि बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई. जहाज जिथून सुटते ते बॅलार्ड पिअर सीएसएमटीवरून जवळच आहे. आम्ही गेलो ते एम्प्रेस नावाचं जहाज १९९० सालचं, पहिले रॉयल कॅरिबियनकडे नॉर्डिक एम्प्रेस नावानं होतं. अकरा डेक, अठराशेच्या आसपास प्रवासी, आणि टनेज (जहाजाच्या आतल्या जागेचं माप) साधारण ४८,५००, म्हणजे टायटॅनिकच्या ४६,३२८ पेक्षा जास्त. हे ऐकून वहिनी घाबरली होती पण जहाज हलायच्या पहिलेच सगळ्यांना मस्टर ड्रिल करावी लागते, लाइफ जॅकेट कसं घालायचं, कोणत्या ठिकाणी जमायचं ते. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ लोक गेले, त्याच्यानंतर ही ड्रिल निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर घ्यायचा नियम जगभर झाला. आपल्याकडचे लोक अशा वेळी सेल्फी काढत बसतात, तसं करू नका, लक्ष द्या.

मग किनारा मागे पडला आणि रेंज गेली. पहिल्या संध्याकाळी बाबा वरच्या डेकवर फोन उंच धरून इकडून तिकडं फिरून राहिले होते, पाहून माझ्याच पोटात कालवलं. जहाजावर सॅटेलाइटचं वायफाय विकत भेटते, दादा म्हणे घेऊन टाकू का. मी नाही म्हटलं, आणि तो निर्णय बरोबरच होता असं आजही म्हणतो.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फोन कॅबिनमध्येच ठेवला आणि नाश्त्याला येऊन पहिला प्रश्न विचारला, "एवढ्या लोकायले आंघोळीले गोडं पाणी आणते कुठून?" जहाजावर काम करणारा एक गोव्याचा पोरगा होता, मराठी चांगलं बोलायचा, त्यानं सांगितलं की मोठी जहाजं समुद्राचंच पाणी गोडं करतात, एक तर इंजिनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून, नाहीतर आरओसारखं दाब देऊन बारीक पडद्यातून गाळून. बाबा त्याच्याजवळ किती वेळ उभे होते! किती वीज लागते, उरलेलं खारट पाणी कुठं जाते, पडदा किती दिवस टिकते. बोअरच्या काळजीत आयुष्य काढलेल्या माणसाला काळजीशिवाय पाण्याबद्दल बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. आणि बाबा कुठंच जाऊ शकत नव्हते म्हणून आईही कुठंच गेली नाही. दोघं संध्याकाळी रेलिंगजवळ खुर्च्या टाकून बसायचे, अंधार पडेपर्यंत, आणि बोलायचे. काय बोलायचे ते आम्ही विचारलं नाही.

सगळंच चांगलं असते असं नाही. कॅसिनो, दुकानं, रात्री उशिरापर्यंत गाणे, हे सगळं खिसा रिकामा करायलाच आहे, आणि ज्याला जुगाराचा नाद आहे अशा माणसाला तर घेऊन जाऊच नका. आम्ही ज्या एजंटकडून तिकीट काढलं त्यानं पोर्ट चार्जेस आणि जीएसटी धरून भाव सांगितलाच नव्हता, याचा राग मला अजूनही आहे. साधा शेतकरी हिशोब करून घरून निघते, त्याला शेवटी वाढीव आकडा दाखवणं हे बरोबर नाही. म्हणून सर्व्हिस चार्जसकट एकूण किती ते लिहून मागा.

जायचं असेल तर खिडकी नसलेली आतली कॅबिन घ्या, सगळ्यात स्वस्त तीच, आणि तिथं फक्त झोपायचं असते. शक्यतो खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधातली मागा, तिथं हलणं कमी जाणवते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग लागून बिल अंगावर येते. पावसाळा टाळा. फेरी अशी पहा की निदान एक अख्खा दिवस समुद्रातच जाईल, लक्षद्वीपकडची वगैरे.

आणि आमच्या मागे बागेत काय झालं असं सगळे विचारतात म्हणून सांगतो, एक दिवस मोटर बंद होती, चुलतभावानं दुरुस्त करून घेतली. बाबांना ते परत आल्यावर कळलं.