गहाळ

आज संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पोलिसांबरोबर बैठक होती. साहेब कागद बघून म्हणाले, "तुमच्या भागात वर्षभरात मोबाइल हिसकावल्याची एकही नोंद नाही." दुसऱ्या रांगेतून आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोक्यातून जातच नाहीये ते.

दिवाळीच्या आधी देवळातून येताना बाइकवरच्या दोघांनी तिच्या हातातला फोन ओढला. ती पडली, कोपर सोलून निघालं. आणि पोलीस ठाण्यात काय ऐकायला मिळालं? "काकू, गहाळ लिहा. दाखला लगेच मिळेल, सिम चालू होईल." तो अर्ज मीच लिहिला, माझ्या अक्षरात. आई शेजारी बसून म्हणत होती, "अरे, पण हरवला कुठे?"

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) असेल तर एफआयआर घेतलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात बजावलंय. १ जुलै २०२४ पासून हिसकावण्याला वेगळं कलमही आहे, भारतीय न्याय संहितेचं ३०४. तरी गहाळ! मग नोंद नाही म्हणून गस्त नाही, आणि तो बोळ तसाच अंधारात.

मान्य, मनुष्यबळ कमी आहे, बंदोबस्त कधी संपत नाही. गुन्हे नोंदवले की "तुमच्याच हद्दीत कसे वाढले?" म्हणून वरून त्यांनाच झापतात, हेही खरं. पण म्हणून माझ्या आईचं कोपर खोटं ठरतं का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात जिल्हा दिसतो, आयुक्तालय दिसतं. आमचा बोळ कुठून दिसणार? एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतात. आणि बंद दिवा, बाकावरची दारू, शिकवणीहून येणाऱ्या मुलींवरचे शेरे? ते तर एनसीपर्यंतही, म्हणजे अदखलपात्र नोंदीपर्यंतही, पोचत नाहीत. मुली रस्ता बदलतात, घरी सांगतही नाहीत.

म्हणून बैठकीनंतर आम्ही चौघांनी एक साधी दोनशेपानी वही केली. तारीख, वेळ, जागा, काय झालं, दिवा चालू होता का. 'कोणी केलं' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांची नावं घालायला आपल्यातलेच काही जण टपलेले असतात, आणि त्यासाठी ही वही नाही. दर महिन्याला एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्यायची, दुसरी पालिकेच्या विद्युत विभागात. ज्यांना सांगायचंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा, नाव कुठेही येणार नाही.

पहिली नोंद आईने सांगितली. देवळामागचा बोळ, संध्याकाळी सात दहा, दिवा बंद. पुढचा शब्द लिहिताना माझा हात थांबला, तर तीच म्हणाली, "हिसकावला. लिही."