तलावाची उंची नको, खालची वस्ती मोजा

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसहून अधिक माणसे गेली आणि चर्चा मात्र बांध खेकड्यांनी पोखरला का, यावर रंगली. पुढे ३० डिसेंबर २०२१ पासून देशात धरण सुरक्षा कायदा लागू झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन, हे सगळे त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण तो कोणाला लागू, हे वाचल्यावर खान्देशातला माणूस थबकतो.

१५ मीटरपेक्षा उंच धरण सरळ कायद्यात येते. १० ते १५ मीटर उंचीचे असेल तर लांबी ५०० मीटर, किंवा साठा १ दशलक्ष घनमीटर (दलघमी), किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, किंवा पाया अवघड, किंवा रचना वेगळी, यांपैकी काहीतरी लागते. १० मीटरच्या खालचे सगळे बाहेर. म्हणजे गिरणा, हतनूर, वाघूर, अक्कलपाडा यांची काळजी कागदावर तरी पक्की झाली. पण सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात आणि दक्षिणेला चाळीसगाव-पाचोरा-जामनेरच्या डोंगरउतारांवर जे पाझर तलाव आणि गाव तलाव आहेत, त्यांतले बहुतेक सात-आठ मीटर उंचीचे. कित्येक तर १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर बांधलेले. कायद्याच्या दृष्टीने ते धरणच नाहीत.

अमेरिकेत हा प्रश्न एका फुटलेल्या मातीच्या धरणाने सोडवायला लावला. जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळचे केली बार्न्स धरण ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या वसाहतीतली ३९ माणसे गेली. उंची साधारण १२ मीटर, लांबी सव्वाशे मीटरच्या आत, फुटताना साठा सुमारे ०.७८ दलघमी. आता हेच आकडे आपल्या २०२१ च्या कायद्याला लावून पाहा: उंची, लांबी, साठा या तिन्ही मापांनी ते सुटून जाते.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियाचेच. त्यांनी लष्कराच्या अभियंत्यांना खालच्या वस्तीला धोका असलेली, केंद्र सरकारच्या मालकीची नसलेली धरणे तपासायला लावली. जवळजवळ नऊ हजार धरणे तपासली गेली, त्यांतली सुमारे एक तृतीयांश असुरक्षित निघाली आणि बहुतेकांचे दुखणे एकच होते: सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, अपुरा.

अमेरिकेच्या पद्धतीत मला पटलेली गोष्ट म्हणजे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. धरण फुटले तर खाली काय जाईल, हा पहिला प्रश्न. धरणाची आजची तब्येत कशी, हा दुसरा. एकही जीव जाण्याची शक्यता असेल तर धोका 'उच्च', मग बांध कालच बांधलेला असो. जीव जाणार नाही पण रस्ता, पाणीपुरवठा, मोठी मालमत्ता जाईल तर मधला वर्ग. मालकाचे शेत भिजेल एवढेच असेल तर खालचा. राष्ट्रीय नोंदीची किमान मापेही लहान आहेत: ६ फुटांहून उंच आणि ५० एकर-फूट, म्हणजे साधारण ६२ हजार घनमीटर साठा, एवढे असले की नाव चढते. आणि धोका उच्च किंवा मधला असेल तर मापाची अटच नाही.

म्हणून अमेरिकेची आरती ओवाळायची गरज नाही. टेक्सासने २०१३ मध्ये ५०० एकर-फुटांखालची, ग्रामीण भागातली, उच्च धोका नसलेली खासगी धरणे तपासणीतून सोडून दिली. मिसुरीत ३५ फुटांखालच्या धरणाला परवानाच लागत नाही. निम्म्याहून जास्त धरणे खासगी, आणि दुरुस्तीचा खर्च दाखवला की मालक दार लावून घेतो. आपल्याकडे हे तलाव जिल्हा परिषदेचे किंवा मृद व जलसंधारण विभागाचे, म्हणजे मालक सरकारच. वर्गवारी करायला कोणाची मनधरणी नको. तरी ती होत नाही, हे जास्त बोचते.

लहान तलाव फुटून किती पाणी येणार, असे ग्रामसभेत हमखास म्हटले जाते. हिशेब करू. ३०० सहस्र घनमीटर (सघमी) साठा, पाण्याची उंची ८ मीटर. मातीची धरणे फुटल्याच्या जुन्या नोंदींवरून बसवलेल्या फ्रोलिक यांच्या सूत्राने फुटतानाचा सर्वोच्च विसर्ग सेकंदाला सुमारे ३३० घनमीटर येतो, म्हणजे साडेअकरा हजार क्युसेक. अंदाज निम्म्याने किंवा दुपटीने चुकू शकतो. पण नदीपात्रात सोडलेले अकरा हजार क्युसेक वेगळे, आणि दहा मीटर रुंद नाल्यात अर्ध्या तासात, रात्री, भोंगा न वाजता आलेले वेगळे.

दुसरी भीती उलटी: तलाव 'धोकादायक' यादीत गेला की पाणी साठवू देणार नाहीत. टंचाईच्या गावाला हे वाटणारच. पण धोक्याचा वर्ग लावून एक थेंबही कमी होत नाही. तपासणी किती वेळा, सांडवा केवढ्या पुरासाठी, फोन कोणाला, एवढेच त्यावर ठरते. पाणी उतरवायचे की नाही हे तब्येत पाहून ठरवायचे.

तब्येत बिघडते ती ठरलेल्या जागी. सगळ्यात आधी सांडवा. जास्त पाणी साठावे म्हणून त्यावर दगड किंवा वाळूची पोती रचतात. ३० मीटर लांबीच्या सांडव्यावरून एक मीटर जाडीची धार सेकंदाला सुमारे ५१ घनमीटर पाणी नेते. माथा ३० सेंटिमीटर चढवला आणि पुराची पातळी तीच ठेवायची म्हटली, तर उरतात ३० घनमीटर. क्षमता चाळीस टक्क्यांनी गेली. मिळाले काय? आठ हेक्टर पाणफुगवट्यावर २४ सघमी. उरलेला पूर बांधाच्या माथ्यावरून जातो आणि मातीचा बांध ते सोसत नाही.

मग बांधाच्या गाभ्याची काळी माती. वरचे मुरमाचे आवरण वाहून गेले की जळगावच्या मे महिन्यात ती तडकते. बांधाच्या लांबीने गेलेल्या भेगेपेक्षा आडवी, पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी भेग जास्त वाईट, कारण जुलैत पाणी तिथूनच वाट काढते. भेग वरून लिंपू नये. तिच्या तळापर्यंत खणून, ओल्या मातीचे पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर ठोकत भरून यावे. बांधावरची वेडी बाभूळ, पिंपळ, घुशींची बिळे आणि मोटारीच्या पाइपासाठी बांध फोडून परत नुसता बुजवलेला चर, हे पाण्याला आयते रस्ते. गाळ काढण्याच्या मोहिमेत जेसीबी बांधाच्या पोटाशी नेणे हेही त्यातलेच. तिथला गाळ तळातून झिरपणारे पाणी अडवत असतो. तो राहू द्या.

पाझर तलाव पाझरायलाच बांधलेला असतो, त्यामुळे पायथ्याला ओल दिसली की बोंब मारायची नाही. पाणी स्वच्छ आहे का आणि वाढते आहे का, हे बघायचे. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर सेकंदाला पाऊण लिटर. तलावाच्या पातळीसह हे दर आठवड्याला वहीत लिहावे. पातळी तीच असून बादली १० सेकंदांत भरू लागली, किंवा पाणी गढूळ झाले, तर आतली माती निघते आहे. उमाळा फुटला, म्हणजे पायथ्याशी पाणी जमिनीतून उसळू लागले, तर माती टाकून तोंड बुजवू नये, पाणी दुसरीकडून फुटते. आधी वाळू, मग खडी, मग दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी येते आणि माती अडते.

खरी अडचण पुढे आहे. पाझर तलावाला बहुधा विमोचकच (पाणी सोडायची झडप) नसतो, तलाव रिकामा करायचा कसा? सहा इंची पाइपाचा सायफन दिवसाला चार-साडेचार हजार घनमीटर काढील. ३०० सघमीच्या तलावाला हा दोन-अडीच महिन्यांचा उद्योग झाला. घाईत उरतो तो सांडव्याचा तळ कठीण मुरमात टप्प्याटप्प्याने उतरवणे. बांध कापायचा नाही. हे अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे आणि जागा उन्हाळ्यातच आखून ठेवावी.

वर्गवारीला मोठा निधी लागत नाही. शाखा अभियंता, तलाठी आणि पोलीस पाटील यांनी बांधापासून नाल्याने खाली चालत जायचे, नाला नदीला मिळेपर्यंत किंवा पाच-सहा किलोमीटर. नाल्याच्या तळापासून चार-पाच मीटर उंचीच्या आत येणारे प्रत्येक घर, पाडा, आश्रमशाळा, फरशी पूल, पाणीपुरवठ्याची विहीर नकाशावर टिपायची. झोपायला माणूस असेल तर वर्ग उच्च. मग आकडेमोड, पुराचा नकाशा आणि एका पानाचा आराखडा: पातळी कोण बघणार, कोणाला उठवणार, कोणत्या उंचवट्यावर जायचे. केळीच्या बागा आणि कपाशीच असेल तर खालचा वर्ग, वर्षातून एक फेरी पुरे.

ही यादी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. बांध जागचा हलत नाही, वस्ती खाली सरकत येते. तालुक्याच्या गावालगतच्या नाल्याकाठी एनए प्लॉट पडतात तेव्हा वरच्या तलावाचा नकाशा तहसीलच्या फाईलला जोडलेला असावा, आणि त्या पट्ट्यात परवानगी मागणाऱ्याने सांडव्याचा खर्च उचलावा.