‘गुबगुबीत कुत्रं म्हणजे सुखी कुत्रं’ हा मेसेज फिरतोय, त्यातला एकेक मुद्दा

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला तीन ठिकाणाहून आला. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, सकाळी ट्रॅकवर कुत्री फिरवणाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि काल तर मावशीनेच पाठवला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुत्रं गुबगुबीत असेल तर ते सुखी. किती खायचं ते त्याचं त्याला कळतं, खाणं कमी करणं म्हणजे पाप. वजन वाढलंच तर उन्हात पळवा, घाम निघाला की चरबी उतरते. अंडी-चिकन बंद करून दूधपोळी द्या. नसबंदी केली की कुत्रं फुगतं म्हणून करू नका. आणि बिस्किटांऐवजी फळं द्या, आपल्या नाशिकची द्राक्षं तर सगळ्यात भारी.

शेवटचं आधी घेते, कारण सीझन चालू आहे आणि दिंडोरी-निफाडकडचे पाहुणे आले की घरात पेटी येतेच. कुत्र्याला द्राक्षं देऊ नका. एकही नको, मनुके-बेदाणेही नकोत. कुत्र्याची किडनी यामुळे निकामी होऊ शकते आणि किती खाल्ली म्हणजे धोका याचा ठरलेला आकडा नाही, एखाद्याला काहीच होत नाही आणि एखादं थोड्याशा द्राक्षांनी जातं. त्यातलं टार्टारिक आम्ल याचं कारण असावं असं आता मानलं जातं. आधी उलट्या होतात, मग कुत्रं मलूल पडतं, मग लघवी कमी होते. पण उलटीची वाट बघत बसायचं नाही, खाल्ली असं कळलं की सरळ डॉक्टरकडे न्यायचं. फळच द्यायचं तर सफरचंदाची फोड द्या, बी काढून. काकडी, गाजर, मीठ न घालता उकडलेली फरसबीही चालते.

आता गुबगुबीत म्हणजे सुखी. हे मीही मानत होते. आमची टफी लॅब्राडोर आहे, पाच वर्षांची झाली तेव्हा ३७ किलो होती आणि येणारा-जाणारा म्हणायचा की काय छान खात्यापित्या घरची दिसते, आम्हालाही बरं वाटायचं. मग एक दिवस ती गाडीत उडी मारेना. पुढचे दोन पाय सीटवर टेकवायची आणि तशीच उभी राहून माझ्याकडे बघत बसायची, मागून उचलावं लागायचं. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं की हिचं वजन २८ च्या आसपास हवं, नऊ किलो जास्त ती रोज त्याच चार पायांच्या सांध्यांवर घेऊन फिरतेय. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर, म्हणजे साधारण १४ वर्षं, अभ्यास केला होता, निकाल २००२ मध्ये आला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला द्यायचे, बाकी सगळं सारखं. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली. दोन वर्षं हो! कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती ते ज्याने कुत्रं पाळलंय त्याला सांगायला नको.

त्याचं त्याला कळतं, हे तर लॅब्राडोरवाल्यांनी अजिबात मानू नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो, आणि पोट भरलं असा जो निरोप मेंदूला जायला हवा तो त्यामुळे नीट जात नाही. म्हणजे ती ताटाजवळ बसून जे डोळे करतात ते नाटक नसतं, त्यांना खरंच भूक लागलेली वाटते, म्हणूनच किती खायचं हे आपण ठरवायचं असतं. यात पाप कसलं?

आमच्याकडे काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी विचारलं किती खाते, मी म्हटलं दोन वेळा वाटीभर ड्राय फूड, बस. ते म्हणाले घरी जा, फ्रिजवर कागद लावा आणि घरातल्या प्रत्येकाने काय दिलं ते तीन दिवस लिहा. पहिल्या रात्री कागद बघितला तर बाबांच्या अक्षरात ‘पोळी २, तूप लावून’, आईचं ‘दूध १ कप’, आणि भाच्याने बिस्किटांसाठी उभ्या रेघा मारल्या होत्या, सहा. ढोबळ हिशेब केला तर हेच पाचशे कॅलरीच्या आसपास जातं. आणि २८ किलोच्या कुत्र्याचं वजन उतरवायला सुरुवातीला दिवसाला धरतात साधारण ८५० कॅलरी, सगळं मिळून! बाबा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले, म्हणाले अगं मी तर फक्त शेवटचा घास देतो. प्रत्येकजण फक्त शेवटचा घासच देत होता. माझी वाटीही शिगोशीग असायची, किचनच्या काट्यावर मोजलं तेव्हा कळलं की ठरल्यापेक्षा बरंच जास्त पडतंय.

खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. ८५० चे दहा टक्के म्हणजे ८५, आणि ग्लुकोज बिस्किटं शंभर ग्रॅमला साधारण साडेचारशे कॅलरी असतात, तेव्हा तीनचार बिस्किटांत संपलंच. आता बाबा रात्री गाजराचे तुकडे घेऊन बसतात, टफीला काय, हातातून मिळाल्याशी मतलब.

पळवण्याबद्दल. व्यायाम हवाच, पण त्याच्या जोरावर वजन उतरत नाही. टफीएवढं कुत्रं तीन किलोमीटर चाललं तर शंभरेक कॅलरी जातात, म्हणजे एक पोळी. आणि उन्हात घाम काढा हे तर भयंकर आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येतच नाही, थोडा पंजांना येतो, बाकी अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला टेकतो, त्यात जाड कुत्रं, त्यातून पग किंवा बुलडॉगसारखं चपट्या नाकाचं असेल तर उष्माघाताने जीव जाऊ शकतो. सूर्य वर यायच्या आत फिरवून आणा, नाहीतर संध्याकाळी रस्ता हाताला गरम लागेनासा झाला की.

दूधपोळी. पोळी विष नाहीये, माणसांबरोबर राहून राहून कुत्र्यांना पिठूळ पदार्थ पचायला लागलेत. पण अंडी-चिकन काढून नुसत्या दूधपोळीवर ठेवलं तर प्रोटीन कमी पडतं आणि वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचतही नाही, पोट बिघडतं.

नसबंदीचं अर्धं खरं आहे. ऑपरेशननंतर कुत्र्याची कॅलरीची गरज पाव भागाने तरी कमी होते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे त्याच आठवड्यापासून खाणं कमी करावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हणून ऑपरेशनच टाळायचं? मादीच्या गर्भाशयात पू होतो तो आजार जीवघेणा आहे. वाटी लहान करणं सोपं की ते?

आणि मोजूनमापून देऊनही वजन हलत नसेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्या, ते कारणही असतं. घाई मात्र करू नका, आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं तरी भरपूर. आम्हाला आठ महिने लागले. दर दुसऱ्या रविवारी मी तिला उचलून काट्यावर उभी राहते, मग एकटी, आणि वजाबाकी करते. परवा २९.२ आलं.

काटा नसेल तर एक हात पालथा सरळ धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या पालथ्या हाताच्या वरच्या बाजूवरून फिरवा, हाडं जशी लागतात ना, तशा कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. तळव्यासारखं मऊ लागलं तर वजन जास्त, मुठीच्या हाडांसारखं टोचलं तर कमी. आज घरी करून बघा आणि काय लागलं ते मला कळवा.